डॉक्टरांचा पाचवा गिअर

डॉक्टरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. प्रभादेवीच्या त्या इमारतीत मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझी खालची उजवी अक्कलदाढ काढली, आणि तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'खालची उजवी' झालो तो कायमचा. जिन्यात भेटले की म्हणत, "काय खालची उजवी, ऑफिसला?" बायकोसमोर, सासूसमोर, एकदा तर माझ्या साहेबांसमोर. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार? मी म्हटलं, दंतवैद्य आहेत. साहेबांनी तोंड मिटलं ते टॅक्सीत बसेपर्यंत उघडलं नाही.

त्यांच्यासमोर तोंड मिटून घ्यायची सवय आमच्या सगळ्या इमारतीला होती. बोलताना ते तुमच्या डोळ्यांत बघतच नसत, चार बोटं खाली बघत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा पाण्याच्या टाकीवरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. डॉक्टर मध्येच उठले आणि शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, ओरडा. अजून मोठ्याने ओरडा. वर मागच्या बाजूला काहीतरी काळं दिसतंय." सेक्रेटरी खाली बसले. टाकीचा ठराव एकमताने मंजूर झाला.

दवाखाना फणसवाडीत, पहिल्या मजल्यावर. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, लग्न झाल्यापासून तिथे त्यांच्या मदतनीस. खुर्चीच्या उजव्या अंगाला उभ्या राहून त्या हत्यारं हातात द्यायच्या, आणि तीही न मागता. "ह्यांनी तोंडाने काही मागितल्याचं मला आठवत नाही," काकू सांगायच्या. "हात पुढे आला की मला कळायचं काय द्यायचं ते. घरी मात्र ह्यांना चहा हवाय की एकटेपणा हवाय, ते अजून कळलेलं नाही."

आणि गाडी. वांगी रंगाची, दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली जपानी स्पोर्ट्‌स कार. कुणी एक पेशंट देश सोडून चालला होता, त्याने डॉक्टरांच्या गळ्यात मारली. तिचे दिवे बंद असले की बॉनेटमध्ये लपत आणि लावले की पापण्या उघडाव्यात तसे वर येत. इमारतीत बंद गॅरेज एकच होतं, त्यात ती राहायची. 'राहायची' हाच शब्द बरोबर, कारण ती कुठे जातच नसे.

दर रविवारी सकाळी डॉक्टर पांढरा कोट घालून खाली उतरत. दवाखान्याच्या जुन्या पडद्यांचं काकूंनी शिवलेलं पांघरूण काढत. गाडी पुसत, चालू करत, फाटकापर्यंत पुढे आणत, तशीच मागे नेत आणि पांघरूण घालत. "झालं फिरणं," असं म्हणून वर जात. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून हा व्यायाम. बाहेर नेली तर खड्डे, कुणीतरी ओरखडा काढणार, पार्किंग मिळणार नाही. त्यामुळे गाडी नवीच राहिली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. त्या घरात हे सगळ्याच वस्तूंचं व्हायचं. चांगल्या कपबशा काचेच्या कपाटात आणि आम्ही पाहुणे स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन बोटं भाजणार. भेट आलेलं पेन डबीत आणि डॉक्टर औषधाच्या कंपनीच्या फुकट बॉलपेनने चिठ्ठ्या लिहिणार.

मी एकदा विचारलं, "डॉक्टर, हिला गिअर किती?"

"पाच."

"पाचवा कधी टाकलात?"

ते माझ्या दातांकडे बराच वेळ बघत राहिले. "दुसरा टाकलाय," म्हणाले.

दवाखाना त्यांनी एका दुपारी बंद केला. ती हकिकत ते विनोद म्हणून सांगत, आणि सांगायचे इतकी छान की पहिल्यांदा मीही हसलो. एका बाईंच्या तोंडात ते छोटा आरसा धरून बघत होते. आरशाचा दांडा दातावर आपटायला लागला. टिक, टिक, टिक. बाई आ वासूनच म्हणाल्या, "डॉक्टर, घड्याळ आहे का हो?" डॉक्टरांनी आरसा काकूंच्या हातात दिला, हातमोजे काढले आणि बाईंना दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. बाहेर बसलेल्या पेशंटांनाही तोच पत्ता. मग काकूंनी दिवे मालवले. हात थरथरतो तो का, हे एका मोठ्या तज्ज्ञांनी सांगितलं. त्या रोगाचं नाव घरात काढायला डॉक्टरांनी बंदी केली. "नाव ठेवलं की तो घरचा होतो," म्हणाले.

गाडी चालवायला तूर्त हरकत नाही, असं तज्ज्ञांचं मत होतं. पण स्टिअरिंगवर हात अडखळतोय असं वाटलं, की त्या दिवसापासून बंद. काकूंना तेवढंही पसंत नव्हतं. "फाटकापर्यंत जायला गाडी कशाला लागते? चालत जा," त्या म्हणायच्या. गाडी घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं, आणि कॉटन ग्रीनच्या एका गोदामात जुन्या गाड्या दुरुस्त करणारा पास्कल ते धरून बसला होता. पास्कल मूळचा माझगावचा, डॉक्टरांचा जुना पेशंट. डॉक्टर त्याला 'ब्रिज' म्हणत, कारण पुढचे तीन दात त्यांनीच बसवले होते.

अशा वेळी कुणीही समजूतदार माणूस गाडी विकून मोकळा झाला असता. डॉक्टरांनी काढलं ट्रॅक डेचं खूळ.

पुण्याच्याही पुढे गाड्या पळवायला बांधलेला एक गोल वळणांचा रस्ता आहे. काही रविवारी तो सगळ्यांना खुला असतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपली गाडी न्यायची आणि समोरून कुणी येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, अशा रस्त्यावर हवी तेवढी पळवायची. डॉक्टरांनी काकूंपुढे करार मांडला. साक्षीला मी होतो, हातात स्टीलचा पेला.

"एकदा तिथे जायचं. तू शेजारी बसायचं. माझ्या हातावर लक्ष ठेवायचं. पन्नास वर्षं तेच केलंस तू, तुझ्याइतका हा हात कुणाला माहीत नाही. हलला तर तिथल्या तिथे चावी पास्कलला. नाही हलला तर गाडी राहणार, आणि विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि मी मेले तर?"

"हेल्मेट मिळतं तिथे."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय दात काढताय? गाडी पळण्याजोगी होईपर्यंत तुम्हालाही जायचंय ह्यांच्याबरोबर पास्कलकडे. मला नाही झेपत आता तो धूर नि तो उकाडा."

तिथून माझे गुरुवार संपले.

गुरुवार, कारण दवाखान्यात डॉक्टर अवघड केस गुरुवारी घेत. आणि कामाची पद्धत तीच, सिटिंगची. संध्याकाळी ऑफिसातून थकून आलो की खाली डॉक्टर पिशवी घेऊन उभे. टॅक्सी करून परळच्या पुलावरून रखडत, धुरात खोकत आम्ही कॉटन ग्रीनला पोचायचो. गोदामात उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटून घरी यायचा. डॉक्टर पिशवीतून दवाखान्याचा बारका आरसा काढायचे, कपाळाला दिवा बांधायचे आणि सतरंजी टाकून गाडीखाली सरपटायचे. आतून आवाज यायचा, "हं... हं... इथे कीड आहे." अर्ध्या तासाने बाहेर यायचे, हात धुवायचे आणि म्हणायचे, "आज एवढं पुरे. सूज उतरू दे. पुढच्या गुरुवारी बघू."

पास्कल कपाळावर हात मारायचा. "डॉक्टर, सूज कसली उतरते? बोल्ट आहे तो! खोल आणि काढ, दहा मिनिटांचा काम आहे."

"ब्रिज, तुझे दात मी एका दिवसात बसवले होते का?"

"म्हणून तर मी तेव्हा तीन महिने पेज खाल्ली ना!"

असे किती गुरुवार गेले ते देवाला ठाऊक. उन्हाळा गेला, गणपती गेले. एक नळी बदलायची ठरली की डॉक्टर ती आधी वाचवता येते का बघणार. काढणं हा त्यांच्या मते पराभव. मूळ जिवंत असेल तोवर उपटायचं नाही. मी एका रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसून दोघांची भांडणं ऐकायचो, आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. बायको म्हणाली, "तुम्हाला एवढं काय आहे त्या गाडीचं?" काय होतं ते मलाही सांगता येईना. वाटायचं, आपण एखाद्या नाटकाच्या तालमी करतोय आणि प्रयोग कधी होणारच नाही. डॉक्टरांनाही तो व्हायला नको असावा. तालीम चालू होती तोवर गाडी त्यांची होती.

कोंडी फुटली ती टायरांवरून. पास्कल म्हणाला, चारही टायर बदलायचे. डॉक्टर भडकले.

"अरे, बघ तरी! नक्षी सगळी शाबूत. कारखान्यातून आले तेव्हाचे रबराचे केससुद्धा आहेत अजून. नवे टायर आहेत ते."

"नवे नाय डॉक्टर. शिळे."

"शिळे?"

पास्कलने डॉक्टरांचा अंगठा धरून टायरवर दाबला. "लाकूड आहे की नाय? एवढ्या वर्षांत रबर सुकून गेला. जोरात वळलात की रस्ता पकडणारच नाय. ब्रेकच्या नळ्या आतून तडकल्या, ब्रेकच्या तेलात पाणी झालं. तुम्ही हिला वापरली असती ना, तर हे सगळं कधीच बदललं असतं आणि गाडी फर्स्टक्लास असती. तुम्ही जपलीत, म्हणून गेली."

डॉक्टरांनी अंगठा टायरवर तसाच दाबून ठेवला. बाहेरून पांढरेशुभ्र दात आणि आत हिरड्या गेलेल्या, असे किती पेशंट त्यांनी फैलावर घेतले असतील. कपाळावरचा दिवा तसाच जळत राहिला. मग त्यांनी आरसा पुसून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "काढ सगळं."

त्यानंतर पास्कलने पंधरवड्यात गाडी उभी केली. टायर, नळ्या, पट्टे, तेलं सगळं नवं. सीटवरचं प्लास्टिक फाडलं तेव्हा त्याचा चर्र असा आवाज झाला आणि डॉक्टरांनी दाढ दुखल्यासारखा गालाला हात लावला. घरी आल्यावर मी काकूंना टायरांची हकिकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या, उठल्या, आणि काचेच्या कपाटातल्या कपबशा काढून त्यात चहा ओतला. बशीला निळी किनार होती. डॉक्टरांनी आधी कपाकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि मुकाट्याने प्यायले. थोडा चहा बशीत सांडला. दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

ट्रॅकवर गाडी ट्रकवर चढवून नेली. आम्ही माझ्या गाडीतून मागे. तिथे सगळी तिशीतली पोरं, अंगावर रंगीत कातडी सूट. डॉक्टर पांढऱ्या कोटात. तपासणीला आलेल्या पोराने गाडीतल्या सुट्या वस्तू काढायला सांगितल्या, ब्रेक पाहिले, मग दारावर चिकटवायचा आकडा विचारला.

"बत्तीस," डॉक्टर म्हणाले.

"तो गेला, अंकल. अठ्ठावीस चालेल?"

"चालेल. अक्कलदाढा काढल्या असं समजू. तुझ्याही काढायला हव्यात, आ कर बघू."

काकूंच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. शेवटी त्यांनी पिना काढून केस मोकळे सोडले, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि गाडीत बसायला गेल्या. ती गाडी इतकी बुटकी की बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. पास्कलने एक हात धरला, मी दुसरा. आतून हेल्मेटमधला आवाज आला, "ह्यांना सांगा, हळू."

पहिल्या दोन फेऱ्या पुढे एक गाडी रस्ता दाखवायला होती. मग ती बाजूला झाली. मी आणि पास्कल कठड्याला टेकून उभे. प्रत्येक वळणावर गाडी दिसेनाशी व्हायची आणि परत दिसेपर्यंत पास्कल त्याच्या मदर मेरीला हाका मारायचा. त्यांच्या गटाची वेळ संपली, गाडी आत आली. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं. चेहरा घामाने निथळत होता. आमच्याकडे न बघता ते काकूंकडे वळले.

"काय दिसलं?"

काकू म्हणाल्या, "मी डोळे मिटून घेतले होते."

"सगळा वेळ?"

"मग काय करू? मला भीती वाटली."

"अगं, पण साक्षीदार तू! तुझ्याशिवाय निकाल कसा लागणार?"

"मग आणखी एकदा जाऊ. ह्या वेळी बघते."

तासाभराने त्यांच्या गटाची पाळी पुन्हा आली. ह्या वेळी गाडी सरळ रस्त्यावर आमच्या समोरून गेली तेव्हा आवाज चढत चढत गेला, क्षणभर थांबला आणि मग एकदम खोल, मोकळा झाला. पास्कलने माझ्या पाठीत धपका घातला. "लागली! पाचवी लागली, बॉस!" मी काय ओरडलो ते आठवत नाही. शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली हे आठवतं.

गाडी आत आली. काकूंनी हेल्मेटची काच वर करून सांगितलं, "परत मिटले हो. त्या लांब रस्त्यावर तर गच्च मिटले."

तिसऱ्यांदा गेले. ऊन कलायला लागलं होतं. परत आल्यावर काकू म्हणाल्या, "नाही जमलं." ह्या वेळी डॉक्टरांनी वाद घातला नाही. गाडीतून उतरायला त्यांना बराच वेळ लागला. सावकाश चालत ते पास्कलपाशी आले आणि चावी त्याच्या तळहातावर ठेवली.

पास्कल गडबडला. "अरे पण डॉक्टर, काकू तर काय बोललीच नाय. तिने बघितलाच नाय."

"तिने नसेल बघितला," डॉक्टर म्हणाले. "हात माझा आहे."

आणि ते जाऊन सावलीत बसले. गाडी पुन्हा ट्रकवर चढली तेव्हा त्यांनी तिकडे पाठ केली होती.

परतताना मी गाडी चालवत होतो. डॉक्टरांना आडवं व्हायचं होतं म्हणून ते मागे, काकू माझ्या शेजारी. केस अजून मोकळेच होते. घाट उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मी इतका दमलो होतो की समोरचे दिवे दोन-दोन दिसत होते. मागे डॉक्टरांनी मान सीटवर टेकली होती, डोळे मिटलेले.

"झोपले," काकू हळूच म्हणाल्या. "बरं झालं. झोपेत तेवढा तो हात गप्प असतो. रोज बघते मी, अगदी पूर्वीसारखा दिसतो."

थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "काकू, खरंच डोळे मिटले होते?"

"छे हो. पहिल्याच वळणावर दिसलं मला. गिअरवर हात ठेवला की हलत होता. पुढे पुढे तर जास्तच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? डॉक्टरांसाठी?"

काकू पदर तोंडाला लावून अशा हसल्या की मला आधी वाटलं, रडतायत.

"ह्यांच्यासाठी कसलं? मला आवडलं हो! त्या लांब रस्त्यावर पोट मागे राहतं आणि आपण पुढे जातो. आयुष्यात असं काही झालं नव्हतं मला. पहिल्या खेपेला खरं सांगितलं असतं तर परत कुणी नेलं असतं?" आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना कळू देऊ नका. चावी परत मागायला जातील."

मी आरशात पाहिलं. डॉक्टर तसेच होते, मान सीटवर टेकलेली, डोळे बंद. उजवा हात मांडीवर होता. टोलनाक्याचा पिवळा उजेड आत आला तेव्हा तो मला स्पष्ट दिसला. तो हलत होता.